अंजनीबाई मालपेकर : भेंडीबाजारच्या गाण्याचे घर

ख्यालगायनाच्या घराण्यांची नावे पाहिली तर ती दोन प्रकारची दिसतात. ग्वाल्हेर, जयपूर, पतियाळा, रामपूर ही राजधान्यांची नावे. किराणा, अत्रौली, सहस्वान ही उत्तरेकडच्या लहान गावांची. राजधानीच्या नावामागे दरबार असतो आणि गावाच्या नावामागे वडिलार्जित घर. भेंडीबाजार हे नाव मात्र असे आहे की त्याच्यामागे दरबारही नाही आणि वडिलार्जित घरही नाही. ते मुंबईतल्या एका मोहल्ल्याचे नाव आहे. भाड्याच्या खोल्यांचे, खाली दुकाने आणि वर बिऱ्हाडे अशा दाटीने वसलेल्या वस्तीचे.

या घराण्याच्या सर्वांत थोर शिष्यांपैकी एक म्हणजे अंजनीबाई मालपेकर. त्या गोव्याच्या, पेडणे महालातल्या मालपे गावच्या. गेल्या पंधरा वर्षांत भेंडीबाजारच्या जुन्या इमारती ओळीने पाडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उठू लागले. वस्ती मोडली म्हणजे वस्तीचे गाणेही मोडते, अशी हळहळ गाण्यातली मंडळी व्यक्त करतात. ही हळहळ मला निम्मी खरी वाटते. उरलेल्या निम्म्याविषयी बोलायचे तर अंजनीबाईंचे चरित्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

मुंबईहून गोव्याकडे जाणारा हमरस्ता पत्रादेवीपाशी गोव्यात शिरतो आणि लवकरच मालपे लागते. जवळच पेडणे. तेथले भगवतीचे देऊळ आणि त्याच्या दारातले दोन काळ्या दगडाचे हत्ती आपल्याकडच्या पुष्कळ कुटुंबांनी पाहिलेले असतील. कोजागिरीची पेडण्याची पुनव तर साऱ्या तळकोकणात प्रसिद्ध आहे. हा मुलूख पोर्तुगीजांकडे उशिरा गेला. डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली. तोवर येथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. गोव्यात याला नवी काबिजाद म्हणतात. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तो कहर येथवर पोहोचला नाही. त्यामुळे येथली देवस्थाने टिकली आणि देवस्थानांच्या आश्रयाला असलेली कलावंतांची घरेही टिकली. गोव्याच्या मातीत इतके गाणारे गळे कसे निपजले याचे उत्तर लोक हवेत आणि पाण्यात शोधतात. मला ते या टिकलेल्या देवळांत जास्त सापडते. देवळात रोजची सेवा असते. ती चुकवता येत नाही. रोज गायचे म्हटले की गळा तयार होतोच.

अशाच एका घरात २२ एप्रिल १८८३ रोजी अंजनीबाईंचा जन्म झाला. आजी गुजाबाई आणि आई नबूबाई या दोघीही गाण्यात नाव मिळवलेल्या. या घरांत विद्या आईकडून मुलीकडे जाई आणि मुलीचे शिक्षण हा घरातला सर्वांत मोठा खर्च असे. त्या काळी गोव्यातून गाण्याची वाट मुंबईकडे वळलेली होती. पैसा मुंबईत होता, जाणते श्रोते मुंबईत होते आणि उत्तरेकडले मोठे उस्तादही मुंबईत येऊन राहू लागले होते. १८५७ नंतर उत्तरेतले अनेक आश्रयदाते खालसा झाले. जे उरले त्यांच्यापाशी सगळ्यांना पुरेल एवढी चाकरी नव्हती. गवई पोटासाठी जेथे व्यापार तेथे गेले.

छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ असेच बिजनोरकडून १८७० च्या सुमारास मुंबईत आले आणि भेंडीबाजारच्या आसपास राहिले. भेंडीबाजार या नावाविषयी दोन मते आहेत. कोट विभागात राहणारे इंग्रज या वस्तीला बाजाराच्या मागली वस्ती म्हणत, त्या इंग्रजी शब्दांचा हा अपभ्रंश, असे एक. तेथे भेंडीची झाडे होती, असे दुसरे. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, समुद्रकिनारी वाढणारे पिवळ्या फुलांचे झाड; कोकणातल्या माणसाला ते वेगळे सांगायला नको. कोणतेही मत खरे असो, या भावांनी काही घराण्याचे नाव म्हणून ते घेतले नव्हते. लोकच त्यांना भेंडीबाजारवाले म्हणू लागले, जसे आपण एखाद्या वैद्याला त्याच्या पेठेवरून ओळखतो. पत्त्याचे नाव झाले आणि नावाचे घराणे झाले.

अंजनीबाई आठ वर्षांच्या असताना नजीर खाँसाहेबांकडे त्यांची तालीम सुरू झाली. त्या काळी अशा घरांतली रीत उस्तादाने शिकवायला घरी येण्याची होती. पोरीने उस्तादाच्या मोहल्ल्यात जाण्याची नव्हे. ही गोष्ट बारीक वाटते, पण मला ती महत्त्वाची वाटते. भेंडीबाजारचे गाणे भेंडीबाजारात कोंडून कधीच नव्हते. ते जिना उतरून, गल्ली ओलांडून, हिंदू वस्तीतल्या घरांत जाई, तेथे दोन-चार तास बसे आणि संध्याकाळी परत येई. बिजनोरचे मुसलमान उस्ताद, गोव्याच्या देवळांच्या छायेतून आलेली मराठी मुलगी आणि दोघांच्या मध्ये एक तानपुरा. मुंबई शहराने आपल्या गाण्याला दिलेली मोठी देणगी ती हीच.

या गायकीचे वळण कसे आहे, ते थोडक्यात सांगतो. आवाज मोकळा, आकारात लावलेला. दम लांब; एका श्वासात सबंध वाक्य जावे, मध्ये तुटू नये. स्वरावरून स्वराकडे जाताना उडी नाही, मींड. सरगम भरपूर, आणि ती पाढे म्हटल्यासारखी नव्हे तर चिजेचा भाग म्हणून. आणि या सगळ्याच्या मुळाशी खंडमेरूचा अभ्यास. चार स्वर घेतले तर ते चोवीस तऱ्हांनी मांडता येतात, पाच घेतले तर एकशेवीस तऱ्हांनी आणि सात घेतले तर पाच हजार चाळीस तऱ्हांनी. ही सारी मांडणी विद्यार्थ्याने गळ्यातून काढायची आणि मग त्यातले काय रागाला चालते व काय चालत नाही हे गुरूने दाखवायचे. ऐकायला हे गणित वाटते. करायला बसले की वर्षे जातात. माझ्याकडचे विद्यार्थी चार स्वरांच्या चोवीस तऱ्हांवरच कुरकुरू लागतात. पाच स्वरांवर येईपर्यंत निम्मे गळतात. नजीर खाँसाहेबांसारख्या गुरूपुढे कुरकुरीला जागा असेल असे वाटत नाही.

अंजनीबाई तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा, १८९६ साली, मुंबईत प्लेग शिरला. पहिले रोगी मांडवीकडे, म्हणजे भेंडीबाजारापासून चालत जाण्याच्या अंतरावर सापडले. लोक शहर सोडून पळाले. सरकारने प्लेगचा दोष दाट वस्तीला दिला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टने जुन्या वस्त्यांतली घरे पाडून हवा खेळावी म्हणून सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले. तेव्हा जुने पाडून नवे उभारण्याचा व्यवहार मुंबईच्या या भागाला आजचा नाही. आज ज्या इमारती जुन्या म्हणून आपण हळहळतो त्यांतल्या कितीतरी त्या काळातल्या नव्या इमारती होत्या. कोणी गाणाऱ्याने तेव्हाही हळहळ केलीच असेल.

प्लेगच्याच त्या वर्षांत, १८९९ साली, सोळा वर्षांच्या अंजनीबाई प्रथम जाहीर मेहफिलीत गायल्या. नंतरची वीस-बावीस वर्षे त्यांच्या कीर्तीची. संस्थानी दरबारांत, मुंबईच्या धनिकांच्या दिवाणखान्यांत त्यांना बोलावणी येत. रूप असामान्य होते. राजा रविवर्मा त्या काळी मुंबईत चित्रे काढीत होते; त्यांच्या ‘मोहिनी’सारख्या चित्रांतल्या स्त्रीमागे अंजनीबाई आहेत असे सांगितले जाते. चित्रांच्या छापील प्रती घरोघर भिंतीवर गेल्या. गाण्याचे असे घडले नाही. चेहरा सर्वांना ठाऊक आणि गाणे थोड्यांना, अशी ही विचित्र प्रसिद्धी. मध्यंतरी त्यांचा आवाजही गेला होता. गाणाऱ्याचा आवाज जाणे म्हणजे काय, हे गाणाराच जाणतो. सबंध घराचे उत्पन्न, मान आणि रात्रीची झोप एकदम जाते. आवाज परत आला. त्यांच्या मनाचा ओढा पुढे अध्यात्माकडे वळला, त्याची सुरुवात याच काळात झाली असावी असा माझा कयास आहे.

१९२० साली नजीर खाँ गेले. त्यानंतर अंजनीबाई थोडेच गायल्या आणि १९२३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी जाहीर गाणे बंद केले.

चाळिसावे वर्ष म्हणजे ख्याल गाणाऱ्याचा बहराचा काळ. आवाज स्थिरावलेला असतो, विद्या पचलेली असते, घाई संपलेली असते. त्या वेळी मैफलीचा उंबरठा ओलांडून बाई आत गेल्या, त्या पुन्हा बाहेर आल्या नाहीत. कारणे पुष्कळ सांगितली जातात. श्रोत्यांची नजर गाण्यापेक्षा रूपावर जास्त, याचा वीट आला, हे त्यांतले एक. मला ते पटते. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने कारणापेक्षा परिणाम महत्त्वाचा. पुढची पन्नास वर्षे त्या शिकवीत राहिल्या. भेंडीबाजारातले मूळ उस्ताद एकेक करून गेले. छज्जू खाँचे चिरंजीव अमान अली खाँ हे त्या गायकीचे शेवटचे मोठे रचनाकार. कर्नाटकी रागांचा आणि सरगमीचा त्यांनी केलेला उपयोग, हंसध्वनीतल्या त्यांच्या चिजा, इंदूरच्या अमीर खाँसाहेबांवर पडलेली त्यांची छाप, हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. लता मंगेशकरही काही काळ त्यांच्याकडे शिकल्या. तेही १९५३ साली गेले. मोहल्ल्यात नाव राहिले आणि गाणे उरले ते शिष्यांच्या घरांत. त्यांत सर्वांत जुने, सर्वांत जवळून घेतलेले गाणे अंजनीबाईंच्या घरात होते.

कुमार गंधर्व मुंबईत देवधर मास्तरांकडे शिकत असताना अंजनीबाईंकडेही शिकले. किशोरी आमोणकरही त्यांच्याकडे शिकल्या. त्र्यंबकराव जानोरीकरांनी भेंडीबाजारची विद्या अमान अलींकडून घेतली तशी अंजनीबाईंकडूनही घेतली आणि पुण्यात ती सुहासिनी कोरटकरांसारख्या शिष्यांना दिली. या नावांकडे नीट पाहावे. कुमार मूळचे बेळगावाजवळच्या सुळेभावीचे, आणि पुढे देवासला जाऊन माळव्याचे झाले. किशोरीताई मोगूबाई कुर्डीकरांच्या कन्या, म्हणजे आपल्या करवीरात राहून गेलेल्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीच्या वारस. त्यांच्या गाण्यात पुढे जी लांब, रेशमासारखी न तुटणारी मींड आली, तिच्यामुळे जयपूरवाल्या कर्मठांनी नाके मुरडली. ती मींड कोठून आली असेल हे भेंडीबाजार ऐकलेल्याला फार विचारावे लागत नाही. जुन्या इमारतीत नवी खिडकी पाडली म्हणून ओरड झाली, आणि वारा मात्र त्याच खिडकीतून आला.

मोगूबाईंच्या गावाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. गोव्याच्या सांगे तालुक्यातले कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जोती आणि देवळाचे अवशेष वर येतात आणि जुने रहिवासी तेथे जाऊन जत्रा भरवतात. अंजनीबाईंचे मालपे शाबूत आहे; त्याच पेडणे तालुक्यात मोपाला विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली आणि जमिनींचे भाव व डोंगरांचे आकार दोन्ही बदलले. एका थोर गायिकेचे गाव पाण्याखाली, दुसरीचे गाव विमानतळाच्या शेजारी आणि त्या दुसरीच्या गुरूचा मोहल्ला हातोड्याखाली.

आता त्या मोहल्ल्याकडे येतो. भेंडीबाजारच्या पुनर्विकासासाठी दाऊदी बोहरा समाजाचे बावन्नावे धर्मगुरू सय्यदना मोहम्मद बुऱ्हाणुद्दीन यांच्या प्रेरणेने २००९ साली सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला. साडेसोळा एकर जमीन, सुमारे अडीचशे इमारती, सुमारे तीन हजार दोनशे कुटुंबे आणि साडेबाराशे दुकाने, एवढा हा पसारा. एकेक इमारत सुटी न पाडता सगळी वस्ती समूहाने पाडायची, रस्ते रुंद करायचे, जुन्या भाडेकरूला त्याच भागात किमान साडेतीनशे चौरस फुटांची मालकीची जागा द्यायची आणि उरलेल्या बांधकामाच्या विक्रीतून काही खर्च भागवायचा, अशी योजना. पहिले मनोरे पुरे होऊन शेकडो कुटुंबे तेथे परत राहायला गेली आहेत.

हे सारे लोभाचे काम आहे, असे म्हणणाऱ्यांनी त्या इमारती आतून पाहिल्या नसाव्यात. लाकडी खांब आणि तुळया, समाईक संडास, एका खोलीत आठ-आठ माणसे, जिन्याला हात लावावा तर भुसा हाताला यावा. याची कारणे रहिवाशांत नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. महिन्याला काही रुपये भाडे येते, त्यात मालक चुनाही लावू शकत नाही. १९६९ साली जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ झाले, उपकर बसला, टेकू लागले; टेकूंवर आणखी टेकू लागले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तेहतीस माणसे मेली. इमारत ११७ वर्षांची होती. म्हणजे ती उभी राहिली तेव्हा अंजनीबाईंची पहिली मेहफिल होऊन वर्षही उलटले नसेल. याच वयाच्या भिंती ऐतिहासिक म्हणून राखा, असे मला त्या तेहतीस जणांच्या नातेवाइकांपुढे उभे राहून म्हणवणार नाही.

तरीसुद्धा एक गोष्ट खटकते. पुनर्विकासाच्या हिशेबात भाडेकरू येतो, गाळा येतो, चौरस फूट येतो. तालीम येत नाही, कारण तिची भाडेपावती नसते. कोणत्या जिन्याने नजीर खाँ उतरत, अमान अलींनी कोणत्या खोलीत चिजा बांधल्या, हे जाणणारी वृद्ध माणसे त्या वस्तीत जोवर एकमेकांच्या शेजारी होती तोवर ती माहिती जिवंत होती. वस्ती काही वर्षांसाठी संक्रमण शिबिरांत पांगली की शेजार मोडतो. इमारत पाडण्यापूर्वी तिच्या खांबांची, लाकडाची, वजनाची मोजणी होते. त्याच वेळी एखादा माणूस वही घेऊन खोल्याखोल्यांतून फिरवायला कितीसा खर्च आला असता?

आपल्या करवीरकरांना हा प्रश्न परका नाही. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेले पॅलेस थिएटर, म्हणजे आपले केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. त्यानंतर सगळ्या गावाने एकच आग्रह धरला की ते होते तसेच उभे राहावे. तो आग्रह योग्य होता, कारण ती वास्तू गाण्यासाठीच बांधलेली होती. तिचा घुमारा तिच्या लाकडात आणि मापांत होता. भेंडीबाजारची गोष्ट वेगळी. तेथल्या इमारती गाण्यासाठी बांधलेल्या नव्हत्या. गाणे तेथे भाडेकरू होते. पणजीचे फोंतेनास हे तिसरे उदाहरण. तेथे रंगीत भिंती, कौले आणि खिडक्या नियमाने राखल्या आहेत, आणि फोटो काढणाऱ्या पाहुण्यांच्या गर्दीने रहिवासी त्रासले आहेत. भिंत राखली पण दुपारची झोप गेली, असे त्या गल्लीचे झाले. तिन्हींना एकच नियम लावू पाहणाऱ्यांशी माझे जमत नाही.

मी दरबारी गवयाच्या घरात वाढलो. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि वडिलांची चाकरी संपली. मी पुष्कळ मागाहून जन्मलो. मला ठाऊक असलेले घर भाड्याच्या दोन खोल्यांचे. दरबारातली बैठक, तिचे गालिचे आणि तिचा घुमारा मी फक्त ऐकून जाणतो. पण सकाळी षड्ज कसा लावायचा हे वडिलांनी त्या दोन खोल्यांत शिकवले ते दरबारात शिकवले असते तसेच. अंजनीबाईंच्या शिष्यांना भेंडीबाजार मिळाला तो असाच, मोहल्ल्याच्या बाहेर, दुसऱ्याच भिंतींच्या आत. म्हणून वस्ती गेली म्हणजे गाणे गेले, हे मी मानीत नाही. एक माणूस पन्नास वर्षे रोज शिकवायला बसत राहिला तर गाणे राहते. पण त्याला रोज बसायला जागा लागते, आणि शेजाऱ्यांचा कान लागतो, हेही तितकेच खरे.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीने अंजनीबाईंना आपले फेलो केले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. जाहीर गाणे सोडून पस्तीस वर्षे झालेल्या बाईला हा मान मिळाला तो तिच्या शिष्यांच्या गाण्याकडे पाहून, असे म्हणायला हरकत नाही. ७ ऑगस्ट १९७४ रोजी, एक्क्याण्णवाव्या वर्षी, त्या गेल्या.

भेंडीबाजारचे नवे मनोरे अजून पुरे व्हायचे आहेत. तेथे मशिदी आहेत, दुकाने आहेत, वाहने ठेवायची सोय आहे, आणि १९७५ साली पुरा झालेला संगमरवरी रौदत ताहेरा मकबरा मध्यभागी उभा आहे. मागायचेच तर मी दोन गोष्टी मागेन. ज्या जागी हे भाऊ राहिले त्या जागेचा शोध लागेल तेवढा लावून नकाशावर लिहून ठेवावा. इमारत नसली तरी चालेल. आणि एखाद्या मजल्यावर, भिंतींतून आवाज शेजारी जाणार नाही अशी, वीस-पंचवीस माणसे बसतील एवढी एक खोली असावी. साडेतीनशे चौरस फुटांत पहाटे साडेचारला खर्जाचा रियाज करणारा मुलगा वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या बिऱ्हाडांना एकदम जागा करतो. जुन्या चाळीत लोक ते सोसत, कारण त्यांना उस्ताद ठाऊक होता. नव्या जिन्यात शेजारी कोण राहतो हे कळायलाच काही वर्षे जातील.